आहेराची वही

लग्नासाठी बँक कर्ज देत नाही, हे वाक्य मी नोकरीत किती वेळा उच्चारले असेल याची मोजदाद नाही. मी बँकेत लागलो तो १९८० नंतरच्या दोन-चार वर्षांत. त्या काळी खेड्यातल्या शाखेतून कर्ज मिळायचे ते म्हशीला, विहिरीवरच्या इंजिनाला, पाइपलाइनला, खताला. सही केली की हातात पडणारे आजच्यासारखे वैयक्तिक कर्ज तेव्हा शेतकऱ्याच्या वाट्याला येत नसे. त्यामुळे समोर बसलेला माणूस तोंडाने म्हैस म्हणायचा आणि मनात पोरीच्या लग्नाचा हिशोब करत असायचा. आम्हाला ते कळायचे. कळले तरी कागदावर म्हैसच लिहायची.

अशी एक म्हैस मला अजून आठवते. कोल्हापूरच्या पूर्वेला, गांधीनगरला लागून असलेले गडमुडशिंगी हे गाव आमच्या शाखेकडे होते. तिथले एक चाळिशीतले शेतकरी अर्ज घेऊन आले. अर्ज टेबलावर ठेवता ठेवता म्हणाले, "सायेब, तुमची आज्जी आमच्या गावची न्हवं? त्येंचा आनि आमचा बांध एकच हुता." मी पंचविशीतला, नव्या दमाचा अधिकारी. "मामा, बँकेत नाती सांगायची नसतात," असे मी त्यांना सुनावले. मामा म्हणून हाक मारायची आणि नाते सांगू नका म्हणायचे, यातली गंमत तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

कर्ज मंजूर झाले. तीन-चार महिन्यांनी मी तपासणीला गेलो. गोठ्यात म्हैस होती, पण तिच्या कानात विम्याचा बिल्ला नव्हता. "काटेरी कुंपणात आडकून तुटला, सायेब." तेवढ्यात शेजारचे पोर आले आणि धारेची वेळ झाली म्हणून ती म्हैस सोडून घेऊन गेले. दारात मांडवाचे वाळलेले डहाळे तसेच होते. मी अहवाल लिहिला, नोटीस गेली, आणि मामांनी चार महिन्यांत मुद्दल व्याजासह भरले. बायकोची बोरमाळ मोडली, असे नंतर शिपायाकडून कळले. त्या वर्षी वसुलीच्या बैठकीत वरिष्ठांनी माझे नाव घेतले होते.

हे सगळे आता सांगायचे कारण एक जुनी वही. निवृत्त झाल्यावर घरातली आजीची पत्र्याची पेटी उघडली, त्यात ती सापडली. लाल कापडात बांधलेली, आडवी, मोडी लिहिलेली. कोल्हापुरात मोडी वाचणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे चार दुपारी बसून ती वाचून घेतली. आजीच्या लग्नातली ती आहेराची वही. आजी एकुलती एक. तिच्या वडिलांच्या मागे थोडी जमीन तिच्या नावावर आली, ती पुढे विकली गेली. वही तेवढी राहिली.

आजीचे लग्न झाले ते शाहू महाराज गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी. महाराज गेले १९२२ च्या मे महिन्यात. खेड्यातली माणसे त्या काळात असल्याच खुणांवरून साल मोजत. लग्नात आजी नऊ वर्षांची होती. तिला आठवायचे ते एवढेच, की बाशिंग जड होते, मामाने कडेवर घेऊन तिला बोहल्यावर आणले, आणि अक्षता पडेपर्यंत तिला झोप लागली होती. नवरा कसा दिसतो हे तिने दुसऱ्या दिवशी पाहिले. हे सांगताना ती हसायची. आम्हीही हसायचो. आज ते लिहिताना मला तितके हसू येत नाही. मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा हवे असे सांगणारा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून अमलात आला, पण तो ब्रिटिश हद्दीत. संस्थानांना तो आपोआप लागू नव्हता. आणि आजीच्या वेळी तर तो कुठेच नव्हता.

लग्न गडमुडशिंगीतच झाले. आजीच्या बोलण्यातून ते इतक्या वेळा ऐकले आहे, की आपण मांडवात होतो असे वाटते. सुपारी फुटली ती दिवाळीनंतर. त्या वेळी दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी बसून याद केली. कोणी काय द्यायचे, किती माणसे येणार, कुणाचा कोणता मान, हे सारे त्या कागदावर. तारीख ठरली ती गुऱ्हाळ आटोपल्यावरची. या भागात उसाचा गूळ होऊन तो कोल्हापूरला शाहूपुरीच्या बाजारपेठेत गेल्याशिवाय हातात रोकड येत नसे. ती पेठ महाराजांनी १८९५ साली वसवलेली. गुळाची पट्टी निघायच्या आधी पैसे लागले तर आडत्याकडून उचल घ्यायची, म्हणजे पुढचा गूळ त्याच्याच दुकानी घालायला बांधून घ्यायचे.

मुहूर्तमेढ रोवली की लग्न एका घराचे राहत नसे. गाड्या जुंपून गावाने मांडवडहाळे आणले. सुताराने पाट आणि चौरंग दिले, कुंभाराने ऐरणीची रंगवलेली मडकी दिली, पायघड्या परटाने घातल्या, पत्रावळी गुरवाने पुरवल्या, कासार दारात येऊन गल्लीतल्या सगळ्या बायकांना चुडा भरून गेला. ज्याचा त्याचा मान वहीत लिहिलेला आहे: नारळ, शिधा, चार आणे, आठ आणे. खिरीसाठी खपली गहू सडायला रात्री गल्ली जमली. उखळात मुसळ घालत बायका गाणी म्हणत होत्या. खीर काहिलीत शिजली, गूळ घरचाच. दूध मात्र कुठल्या एका घरचे नव्हते. त्या दिवशी ज्याच्या दावणीला दुभते त्याने चरवी आणून काहिलीत ओतायची, अशी रीत होती. आठ दिवस आधीपासून नवरीला घरोघरी गडगनेराला बोलावत. आजी म्हणायची, "जलमात पोट भरून गोड खाल्लं ते त्याच आठवड्यात."

शेतकरी एकमेकांच्या रानात पैरा करतात ना, आज माझ्या औताला तुझे बैल, उद्या तुझ्या औताला माझे, तसा हा लग्नातला पैरा होता. पण त्याला गोग्गोड करून सांगण्यात अर्थ नाही. हलगी, घुमके आणि कैताळ वाजवणारे दोन दिवस उन्हात उभे होते; त्यांना पंगतीत जागा नव्हती. लाकूडफाटा ज्यांनी वाहिला ते गावकुसाबाहेरचे, त्यांना सर्वांची जेवणे उरकल्यावर लांबून वाढले गेले. ज्या महाराजांनी १९०२ सालीच मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्यांच्याच राज्यातले हे गाव. हुकूम राजवाड्यातून निघतो आणि पंगत गावात बसते. मधले अंतर सहा-सात मैलांचे असले तरी बरीच वर्षे लागतात.

एक गोष्ट मात्र त्या मांडवात पोचली होती. वहीत खर्चाच्या बाजूला भटजींच्या दक्षिणेची नोंद नाही. तिच्या जागी आहे, "पुरोहित, आपल्यापैकी, रुपया १ व नारळ." जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षाअखेर पुण्यात ब्राह्मण पुरोहितावाचून पहिले लग्न लावले. कोल्हापुरात १९११ साली समाजाची शाखा निघाली आणि १९१३ साली पुरोहितांची शाळा सुरू झाली. तिथे शिकलेली बहुजन समाजातली माणसे खेडोपाडी लग्ने लावू लागली. माझे पणजोबा काही चळवळीतले नव्हते. पण रुपयात काम होते आणि मंगलाष्टका समजतात, हे त्यांना पटले असावे. हिशोबी माणसाला सुधारणा पटते ती पुष्कळदा अशीच, हे मी बँकेत पाहिले आहे.

आता वहीच्या मुख्य भागाकडे येतो. प्रत्येक पानाचे दोन भाग केलेले आहेत. उजवीकडे आलेला आहेर. डावीकडे, त्याच घरात पूर्वी आपण काय नेले होते त्याची नोंद. म्हणजे ही नुसती यादी नव्हे. ही खतावणी आहे, घरवार उघडलेली खाती. अमुक गल्लीतले अमुक: आपले गेले खण १, नारळ १, चार आणे, त्यांचे आले खण १, नारळ १, सहा आणे. तमुक: आपले गेले तांदूळ १ पायली; आले तांदूळ दीड पायली. मी पाने उलटत गेलो आणि माझ्या लक्षात आले, की एकही खाते बरोबरीत सुटलेले नाही. प्रत्येकाने परत करताना थोडे वर घातले आहे. बँकेत खाते जुळले की आम्ही सुटकेचा निःश्वास टाकायचो. इथे खाते जुळणे म्हणजे संबंध मिटणे. बरोबरीचा आहेर परत केला की समजावे, या घराला तुमच्याकडे पुन्हा यायचे नाही.

अशी रीत फक्त आपल्याकडची नाही. पंजाबात न्यूंदा म्हणतात, तिथेही वही ठेवतात आणि तिथेही वर काहीतरी घालूनच परतफेड करतात. माझी मुलगी अमेरिकेत आयोवा राज्यात राहते. तिच्याकडे गेलो असताना गावच्या ग्रंथालयात जुनी साप्ताहिके चाळत बसायचो. शंभर वर्षांपूर्वीच्या तिथल्या खेड्यातली लग्ने वाचून करमणूक झाली. वधूच्या घरी बैठकीच्या खोलीतच लग्न लागायचे. नवरीचा पोशाख पुढेही चर्चला जाताना वापरता येईल असा, पुष्कळदा रंगीत. रात्री शेजारीपाजारी नवदांपत्याच्या खिडकीखाली जमून डबे आणि पातेली बडवत, बंदुकीचे बार काढत. नवऱ्याने बाहेर येऊन काही खायला-प्यायला दिल्याशिवाय हलत नसत. आणि पुढच्या अंकात छापून यायचे, कोणी काय दिले: अमक्यांची साखरदाणी, तमक्यांची रजई, फलाण्यांची झुलती खुर्ची. आपली वही निदान पेटीत बंद असते. त्यांची सगळ्या तालुक्याने वाचायची.

सरकारी दप्तरात मात्र शेतकऱ्याच्या लग्नाची नोंद नेहमी उधळपट्टी म्हणून झाली. लग्नकार्यात पैसा उडवतो म्हणून कुणबी कर्जात बुडतो, हे साहेब म्हणायचे, सावकार म्हणायचा आणि पुढे आम्ही बँकवालेही म्हणायचो. प्रशिक्षणात आम्हाला तेच शिकवले होते. गंमत अशी, की १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा चौकशीला नेमलेल्या आयोगाने नेमके उलटे लिहून ठेवले आहे. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते, हा खर्च माणसाच्या आयुष्यात क्वचितच येतो, आणि कर्जाचे मूळ सहसा त्यात नसते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरोल्ड मान यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या एका खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही चित्र होते ते जमिनीच्या तुकड्यांचे आणि खर्चाला न पुरणाऱ्या उत्पन्नाचे. मी हे दोन्ही वाचले ते निवृत्तीनंतर. नोकरीत असताना वाचायला हवे होते.

पणजोबांच्या वहीतला आकडा पाहिला तर आयोगाचे म्हणणे पटते. एवढा मांडव, एवढी माणसे. पण रोख खर्च फारच थोडा. लुगडी, बाशिंगे, मीठ-मसाला, वाजंत्री आणि सोने, एवढ्यालाच नाणे लागले. बाकी सगळे गावाने ओतले होते. आणि मुलीच्या बापाने हुंडा दिल्याची नोंद नाही. उलट नवऱ्या मुलाकडून देज आल्याची आहे. त्या काळात आमच्यासारख्या शेतकरी घरांतून देज घ्यायची पद्धत सर्रास होती. मुलगी रानात राबणारी. ती जाते म्हणून तिच्या बापाला भरपाई. याचाही फार गौरव करू नये. नऊ वर्षांच्या पोरीची ती किंमतच होती. पण पुढे मुलगे शिकले, नोकरीला लागले, आणि पैशाची दिशा उलटली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. तोवर हुंडा कुणबाव्यात चांगला रुळला होता, आणि कायद्याने त्याचे नाव तेवढे बदलले. त्याला 'मानपान' म्हणू लागले.

वहीचे रूपही बदलत गेले. मला आठवतात ती लग्ने स्टीलच्या भांड्यांची. दुकानात बसून मशिनने 'सप्रेम भेट' आणि खाली नाव कोरून घ्यायचे. आमच्या घरी अजून एका तांब्यावर वडिलांच्या मित्राचे नाव आहे, आणि ताकाला तोच तांब्या लागतो. मांडवात कर्णा आला तसा आहेर पुकारायला लागले. पाच रुपये देणारा माणूस पुकारणाऱ्याजवळ उभा राहून आपले नाव नीट घेतले जाते का ते ऐकायचा. टॉवेल-टोपीचे ढीग तर एका लग्नातून दुसऱ्या लग्नात नुसते फिरत असत.

गडमुडशिंगीच्या शिवेलाच या बदलाचे एक केंद्र उभे राहिले. १८९१ साली सुरू झालेल्या मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. पोलिश लोक गेले आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी लोक तिथे आले. त्या वस्तीचे गांधीनगर झाले, आणि सर्वस्व गमावून आलेल्या त्या माणसांनी कापडाची केवढी मोठी पेठ उभी केली! आज आसपासच्या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडूनही लोक लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला येतात. दोन घरची तीस-चाळीस माणसे गादीवर बसलेली, साड्यांचे ढीग, चहाचे कप, आणि कोपऱ्यात बिलाकडे न बघता बिलाचाच विचार करणारा मुलीचा बाप. त्या बापाला मी दुरूनही ओळखतो. माझ्या टेबलासमोर तोच बसायचा.

मांडव गेला, मंगल कार्यालय आले. काहील गेली, आचारी आला. चरवीचे दूध गेले, कॅटरर आला. एकेक गोष्ट गावाच्या अंगावरून सुटली आणि बापाच्या अंगावर पडली. पूर्वी पन्नास घरांत विभागलेले कर्ज एका नावावर गोळा झाले, आणि त्याला व्याज लागू झाले. त्यात पत्रिकेवर एक नवी ओळ छापली जाऊ लागली: 'कृपया आहेर आणू नये.' ही ओळ सुधारणेची म्हणून आली, आणि सुरुवातीला मीही तिचे कौतुक केले. माझ्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर ती होती. कोणाचे काही घ्यायचे नाही, म्हणजे कोणाचे काही द्यायचे राहत नाही. पण ही ओळ परवडते पगारदाराला. ज्याचे आधीच सगळ्या गावात वाटून ठेवलेले आहे, पंचवीस वर्षे ज्याने लोकांच्या मांडवात लुगडी नेली आहेत, त्याने मुलीच्या लग्नात 'आहेर नको' म्हणायचे म्हणजे आपली ठेव बुडवायची.

आता वहीतली ती नोंद. शेवटून तिसरे पान. बाकी घरांचे आहेर चार-सहा आण्यांचे, फार तर रुपयाचे. या पानावर आहे: "बांधकरी यांचेकडून लुगडे इरकली १, खण १, तांदूळ पायली २, गुळाचा रवा १, रोख रुपये ५." डावीकडची बाजू कोरी. म्हणजे आम्ही त्या घरात पूर्वी काही नेले नव्हते. पुढेही नेले नाही. पणजोबा गेले, आजी सासरी, परत करायला गावात कोणी राहिलेच नाही. नोंदीतले नाव मोडी वाचणाऱ्यांनी मोठ्याने वाचले. मी ते आडनाव ओळखले. अर्जावर पाहिले होते, नोटिशीवर मी स्वतः लिहिले होते. ते त्या मामांचे आजोबा.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या नातीचे लग्न होते. आमंत्रण मला नव्हते. गावातल्या एका ओळखीच्याने सांगितले म्हणून गेलो. जाताना वहीतल्या नोंदीप्रमाणे सगळे घेतले. इरकली लुगडे मिळवायला कोल्हापुरात तीन दुकाने हिंडावी लागली. तांदूळ, खण, गुळाचा रवा. रोख किती घालावे हे ठरवता येईना. शंभर वर्षांपूर्वीच्या पाच रुपयांना आजचे किती, हे गणित मला येते, चक्रवाढीनेही येते. पण तसे केले तर ते व्याज झाले असते. पाकिटात शेवटी किती घातले ते इथे लिहीत नाही.

कार्यालय हमरस्त्यावरचे, थंडगार, झुंबरांचे. दारातच फलक होता: 'आहेर स्वीकारला जाणार नाही.' मामा आता ऐंशीच्या पुढचे. खुर्चीत बसले होते, ऐकू कमी येत होते. मी नाव सांगितले. ओळखले. "सायेब, या, बसा." मी वहीच्या पानाची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली आणि मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली.

"पाच रुपय? आमच्या आज्ज्यानं?" ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. त्यांना मोडी येत नव्हती. "त्येच्याकडं कुठनं आलं आस्तील वो पाच रुपय? आडत्याकडनं उचलच घेतली आसंल."

मी पिशवी पुढे केली. त्यांनी सुनेला हाक मारली, तांदूळ, खण आणि गूळ काढून घ्यायला सांगितले. लुगडे आणि पाकीट परत पिशवीत घातले. "एवढं ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," म्हणाले. "आता जेवून घ्या आदी."

म्हशीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. जेवण उभ्याने होते. खीर नव्हती.